संगणकाला स्वभाषेतून आज्ञा : तंत्र, अर्थकारण आणि धोरण

निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले की नाही, एवढेच जाणून घ्यायचे असलेल्या खेड्यातील एखाद्या वृद्ध महिलेचे उदाहरण घेता येईल. तिच्या घरी मोबाइल आहे, बँकेत खाते आहे, खात्याला मोबाइल जोडलेलाही आहे. परंतु पडद्यावरील अक्षरे तिला वाचता येत नाहीत. म्हणून ती शेजारच्या शिकलेल्या मुलाच्या हाती मोबाइल देते आणि त्याबरोबर आपला गुप्त क्रमांकही सांगून टाकते. खाते तिचे, पैसा तिचा. पण यंत्राला आज्ञा देण्याचा अधिकार व्यवहारात दुसऱ्याच्या हाती जातो. तिने स्वतःच्या भाषेत नुसते विचारले आणि यंत्राने तिच्याच भाषेत उत्तर दिले, तर हा अधिकार तिला परत मिळू शकतो. नैसर्गिक भाषेतून संगणक चालवण्याच्या तंत्राचे विकासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यासाठी.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के, तर स्त्रियांमधील प्रमाण ६४.६ टक्के होते. त्याच जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा असल्याची नोंद करणाऱ्यांची संख्या केवळ २.६ लाखांच्या आसपास होती. संगणकाची जडणघडण मात्र प्रामुख्याने इंग्रजीच्या आधाराने झाली. या दोन वस्तुस्थितींमधील अंतर म्हणजे डिजिटल दरीची एक महत्त्वाची बाजू होय. संपर्कजाळे आणि उपकरण उपलब्ध झाले तरी भाषेची दरी आपोआप बुजत नाही.

नैसर्गिक भाषा व औपचारिक भाषा

माणसे परस्परांशी ज्या भाषेत बोलतात, ती नैसर्गिक भाषा. मराठी, तमिळ, संथाली, इंग्रजी या सर्व नैसर्गिक भाषा होत. याउलट संगणकासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेला औपचारिक भाषा म्हणतात. औपचारिक भाषेतील प्रत्येक विधानाचा एकच अर्थ होतो. स्वल्पविराम चुकला तरी संगणक ते विधान नाकारतो. नैसर्गिक भाषेत मात्र संदर्भ, सूर आणि प्रसंग यांवरून अर्थ ठरतो.

या दोहोंमधील अंतर कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९५९-६० मध्ये आकाराला आलेल्या 'कोबोल' या भाषेत आज्ञा इंग्रजी शब्दांसारख्या ठेवण्यात आल्या, जेणेकरून व्यापार-उद्योगातील लोकांना त्या वाचता याव्यात. १९७४ मध्ये मांडल्या गेलेल्या आणि पुढे 'एसक्यूएल' नावाने रूढ झालेल्या भाषेमागेही हाच विचार होता. परंतु या भाषांतील शब्द इंग्रजीचे असले तरी व्याकरण यंत्राचेच राहिले. पुढे चित्रमय पडदा आणि माउस आल्यावर आज्ञा पाठ करण्याची गरज कमी झाली. तरी पडदा वाचण्याची गरज कायम राहिली.

सात दशकांची वाटचाल

परीक्षेच्या दृष्टीने या क्षेत्रातील पुढील टप्पे लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला टप्पा ध्वनी ओळखण्याचा. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 'ऑड्री' हे यंत्र तयार केले. ते उच्चारलेले अंक ओळखत असे. १९६२ मध्ये सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने 'शूबॉक्स' हे यंत्र दाखवले. त्याला १६ शब्द समजत असत.

दुसरा टप्पा नियमांवर आधारलेल्या आकलनाचा. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' ही संवाद साधणारी आज्ञावली जाहीर केली. १९६८ ते १९७० या काळात टेरी विनोग्राड यांनी 'श्रडलू' तयार केली. टेबलावरील काल्पनिक ठोकळे उचलणे, रचणे अशा इंग्रजी आज्ञा ती पाळत असे. १९७१ मध्ये दाखवण्यात आलेल्या 'लूनर' या प्रणालीला चंद्रावरून आणलेल्या खडकांच्या रासायनिक पृथक्करणाविषयी इंग्रजीतून प्रश्न विचारता येत. या प्रणाली आपापल्या मर्यादित क्षेत्रात उत्तम चालत. क्षेत्राबाहेर पाऊल टाकताच निरुत्तर होत.

तिसरा टप्पा संख्याशास्त्रीय पद्धतीचा. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हार्पी' या प्रणालीने १,०११ शब्दांपर्यंत मजल मारली. या विद्यापीठातील वाणी-संशोधनाचे अग्रणी राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातील. १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना एडवर्ड फायगेनबाउम यांच्यासमवेत मिळाला. नियम लिहून देण्याऐवजी भाषेच्या प्रचंड साठ्यावरून कोणता शब्द कोठे येण्याची शक्यता अधिक, हे यंत्रानेच शिकावे, हा विचार याच टप्प्यात रुजला.

चौथा टप्पा चेताजालांचा. २०११ मध्ये 'सिरी' मोबाइलमध्ये आली. २०१८ मध्ये गूगलचा आवाजी साहाय्यक मराठीत उपलब्ध झाला. २०१७ मध्ये मांडण्यात आलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेमुळे वाक्यातील दूरच्या शब्दांचा परस्परसंबंध जोखणे यंत्राला शक्य झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' खुले झाल्यानंतर साध्या वाक्यात सांगून मजकूर, हिशेब, इतकेच नव्हे तर संगणकाची आज्ञावलीही लिहवून घेणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले.

आज्ञेचे आकलन कसे होते?

'माझ्या खात्यातून दुकानदाराला साडेतीनशे रुपये आज पाठव' ही आज्ञा विचारात घेता चार पायऱ्या दिसतात. प्रथम ध्वनीचे अक्षरांत रूपांतर होते. त्यानंतर आज्ञेचा हेतू आणि तपशील वेगळे केले जातात : हेतू पैसे पाठवण्याचा, रक्कम ३५०, घेणारा दुकानदार, दिवस आजचा. तिसऱ्या पायरीवर संबंधित प्रणाली प्रत्यक्ष कृती करते. चौथ्या पायरीवर उत्तर तयार होऊन ते आवाजात ऐकवले जाते. अलीकडच्या काही प्रणालींत यांपैकी पायऱ्या एकत्र केल्या जातात. तरी अभ्यासासाठी ही विभागणी उपयुक्त आहे.

दुसऱ्या पायरीवर भारतीय व्याकरणपरंपरेचा संबंध येतो. मराठीत शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ सहसा टिकतो. 'साडेतीनशे रुपये दुकानदाराला माझ्या खात्यातून आज पाठव' असे म्हटले तरी आज्ञा तीच राहते. कारण शब्दांचे नाते क्रमावरून नव्हे, तर विभक्तिप्रत्ययांवरून कळते. 'खात्यातून' हे अपादान, 'दुकानदाराला' हे संप्रदान, 'रुपये' हे कर्म. पाणिनीच्या कारकविचाराचा असा उपयोग संगणकीय भाषाविश्लेषणासाठी करण्याची पद्धत आयआयटी कानपूर येथील संशोधकांनी विकसित केली आणि १९९५ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली.

तथापि, केवळ प्रत्यय पुरेसा नसतो. 'पाच तारखेला भावाला पैसे पाठव' या वाक्यात 'ला' हा प्रत्यय दोनदा येतो. पहिल्या ठिकाणी तो काळ दाखवतो आणि दुसऱ्या ठिकाणी घेणारी व्यक्ती. हा फरक तारीख व भाऊ या शब्दांच्या अर्थावरूनच कळतो.

भारतीय भाषांतील विशेष अडचणी

मराठीत 'काढणे' हे क्रियापद घेतले, तर खात्यातून पैसे काढणे, कर्ज काढणे, छायाचित्र काढणे आणि यादीतून नाव काढणे या चार अगदी वेगळ्या कृती आहेत. 'परवा' हा शब्द मागच्या व पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो. हिंदीतील 'कल'चीही तीच स्थिती आहे. क्रियापदाचा काळ पाहिल्याशिवाय दिवस ठरत नाही.

रकमांच्या बाबतीत ही अडचण गंभीर होते. साडेतीन म्हणजे ३.५, साडेतीनशे म्हणजे ३५० आणि साडेतीन हजार म्हणजे ३,५००. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५. एकोणसाठ व एकोणसत्तर यांत उच्चाराचे अंतर थोडे, पण रकमेत दहाचा फरक. 'साडे' हा शब्द ऐकण्यातून निसटला, तर साडेतीनशेचे तीनशे होतात.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. प्रत्येक शब्द अचूक ओळखला जाण्याची शक्यता ९५ टक्के आहे आणि शब्दांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरू. वर दिलेल्या सात शब्दांच्या आज्ञेतील सर्व शब्द अचूक ओळखले जाण्याची शक्यता ०.९५ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ७० टक्के येते. शब्दागणिक अचूकता ९९ टक्के झाली तरी ती सुमारे ९३ टक्केच होते. ऐकण्यास प्रभावी वाटणारी शब्दांची अचूकता आणि व्यवहाराची विश्वासार्हता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

याशिवाय वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींतील उच्चारभेद, बोलण्यात सहज मिसळणारे इंग्रजी-हिंदी शब्द आणि बाजारातील गोंगाट या बाबींचाही विचार करावा लागतो. प्रमाणभाषेच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेले यंत्र बोली बोलणाऱ्याला कमी समजून घेते. ज्याला या सोयीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती सर्वात कमी उपयोगी पडण्याचा धोका यातून निर्माण होतो.

अर्थशास्त्रीय बाजू

भाषा-तंत्रज्ञानाच्या उत्पादनात स्थिर खर्च मोठा असतो. ध्वनिमुद्रणे गोळा करणे, ती अक्षरबद्ध करणे, तपासणे आणि त्यांवर यंत्राला शिकवणे यासाठी सुरुवातीलाच मोठी गुंतवणूक लागते. प्रणाली तयार झाल्यानंतर आणखी एका वापरकर्त्यासाठीचा सीमांत खर्च त्या मानाने अल्प असतो. त्यामुळे भाषकसंख्या जितकी मोठी, तितका दरडोई खर्च कमी. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या ८.३० कोटी, तर बोडो भाषकांची १४.८३ लाख होती. दोन्ही भाषांसाठी स्थिर खर्च समान मानला, तर बोडो भाषकामागील खर्च मराठी भाषकाच्या सुमारे ५६ पट येतो. नफ्यासाठी काम करणारी कंपनी कोणती भाषा आधी निवडेल, हे सांगण्याची गरज नाही.

बाजारयंत्रणेच्या अपयशाचे हे ठळक उदाहरण होय. त्याची दुसरी बाजू अशी की, एकदा गोळा केलेला भाषासाठा एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. तो खुला ठेवल्यास सार्वजनिक वस्तूचे गुणधर्म त्यात येतात. अशा वस्तूंचे उत्पादन बाजारावर सोडल्यास ते समाजाच्या गरजेपेक्षा कमी होते. म्हणूनच भाषासाठ्यांवर शासनाने खर्च करण्यास आर्थिक आधार आहे.

भाषेची एक छुपी किंमतही असते. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत रोमन लिपीतील साधे अक्षर १ बाइटचे, तर देवनागरी वर्ण ३ बाइटचा असतो. भाषा-प्रारूपे मजकुराचे 'टोकन' नावाचे तुकडे करतात आणि अनेक सेवांचे शुल्क या तुकड्यांवर आकारले जाते. भारतीय लिपींतील मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा साधारणपणे अधिक होत आले आहेत. परिणामी त्याच आशयासाठी मराठीत अधिक खर्च येऊ शकतो. नव्या प्रारूपांत हे अंतर कमी होत आहे. परंतु भारतीय भाषा विचारात घेऊन केलेली रचना का आवश्यक आहे, हे त्यातून कळते.

तिसरा मुद्दा व्यवहारखर्चाचा. अर्ज भरण्यासाठी दुसऱ्याला दिलेले पैसे, तालुक्याच्या गावी मारलेली फेरी, बुडालेली मजुरी आणि गुप्त क्रमांक सांगण्यातील जोखीम हे सर्व व्यवहारखर्चच होत. बोलून आज्ञा देता आली, तर यातील बराच भाग वाचू शकतो.

शासकीय व संस्थात्मक प्रयत्न

• १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिपींसाठीचे 'जिस्ट' तंत्रज्ञान या संस्थेने पुढे नेले.

• १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक निश्चित झाले. भारतीय भाषांसाठी तंत्रज्ञान विकास हा केंद्र शासनाचा कार्यक्रमही याच सुमारास सुरू झाला.

• जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर योजना सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न विचारावा आणि माणसाने त्याला उत्तर द्यावे, अशी ही रचना होती.

• मार्च २०२२ मध्ये साध्या मोबाइलसाठी 'यूपीआय १२३ पे', तर सप्टेंबर २०२३ मध्ये हिंदी व इंग्रजीत बोलून पैसे पाठवण्यासाठी 'हॅलो! यूपीआय' जाहीर झाले.

• राष्ट्रीय भाषा अनुवाद अभियानाची घोषणा २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्यातून आकाराला आलेल्या 'भाषिणी' मंचाचे उद्घाटन ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे झाले. 'भाषादान' उपक्रमातून नागरिक आपला आवाज, मजकूर व अनुवाद यांचे योगदान देऊ शकतात.

• २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेविषयीच्या प्रश्नांसाठी 'किसान ई-मित्र' सुरू झाले आणि ते टप्प्याटप्प्याने ११ भाषांत नेण्यात आले.

• मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' अभियानास मंजुरी दिली.

मर्यादा व जोखीम

बोलणे ही प्रत्येक वेळी सर्वोत्तम पद्धत असते, असे मानणे चुकीचे ठरेल. गुजरातमधील शेतकऱ्यांसाठीच्या 'आवाज ओटलो' या दूरध्वनी सेवेच्या संदर्भात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बोलून पर्याय निवडणाऱ्यांपेक्षा बटण दाबून निवडणाऱ्यांनी कामे अधिक यशस्वीपणे पूर्ण केल्याचे आढळले. त्यानंतर ध्वनी ओळखण्याचे तंत्र पुष्कळ सुधारले आहे. परंतु लोकांना काय सोयीचे वाटते हे प्रत्यक्ष वापरातच तपासावे लागते, हा त्या अभ्यासाचा धडा कायम आहे.

डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा यांनी १९७८ मध्येच या कल्पनेवर मूलभूत आक्षेप घेतला होता. औपचारिक चिन्हांची भाषा हे ओझे नसून चुकीचे विधान करण्यापासून वाचवणारे साधन आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आजच्या भाषा-प्रारूपांच्या बाबतीत हा आक्षेप वेगळ्या रूपात समोर येतो. संदिग्ध आज्ञा मिळाली असता यंत्र अडून बसत नाही. ते एक अर्थ गृहीत धरून पुढे जाते. जुने यंत्र आज्ञा नाकारत असे, नवे यंत्र ठामपणे चुकीची कृती करू शकते. 'एलायझा'शी बोलणाऱ्यांना ती आपल्याला समजून घेत आहे असे वाटल्याचे पाहून वायझेनबाउम स्वतः अस्वस्थ झाले होते. प्रवाही भाषा म्हणजे आकलन नव्हे, हा इशारा आजही लागू पडतो.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून वेगळा आहे. नैसर्गिक भाषेत आज्ञा आणि माहिती यांच्यात स्पष्ट सीमारेषा नसते. वापरकर्त्याने एखादे पत्र वाचून दाखवण्यास सांगितले आणि त्या पत्रातच कोणी लबाडीने एखादी आज्ञा लिहून ठेवली असेल, तर यंत्र तीही पाळण्याची शक्यता असते. या प्रकारास 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' म्हणतात. म्हणून पैसे पाठवणे, मजकूर पुसणे, संमती देणे अशा परत न फिरवता येणाऱ्या कृतींपूर्वी वापरकर्त्याची स्वतंत्र खातरजमा आवश्यक ठरते. 'साडेतीनशे, म्हणजे तीन-पाच-शून्य रुपये' असे दोन प्रकारे ऐकवून होकार घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

आवाज हीदेखील वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीची विनंती इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय असणे आवश्यक आहे. या अनुसूचीत २२ भाषा आहेत. परंतु २०११ च्या जनगणनेत १.०४ कोटी भाषक असलेली भिली आणि २९.८४ लाख भाषक असलेली गोंडी या भाषा त्या अनुसूचीत नाहीत. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या भाषा बोलल्या जातात. अनुसूचीच्या चौकटीत आखलेले धोरण या भाषकांपर्यंत कसे पोहोचेल, याचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

समारोप

स्वभाषेतून आज्ञा देण्याच्या तंत्रामुळे साक्षरतेची गरज संपत नाही आणि सेवा केंद्रातील माणसाची मदतही अनावश्यक होत नाही. मात्र मदत घ्यावी की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला मिळते. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतील : लहान भाषा व बोली यांच्यासाठी सार्वजनिक खर्चाने खुले भाषासाठे, कृतीपूर्वी खातरजमा करणारी रचना आणि चूक झाल्यास त्याच भाषेत दाद मागण्याची सोय. यांतील तिसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. प्रारंभीच्या उदाहरणातील वृद्ध महिलेला तिचे यंत्र एखाद्या दिवशी चुकीचे ऐकेल, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारावी लागेल. तेव्हा तिची तक्रार तिच्याच बोलीत ऐकून घेणारा माणूस दुसऱ्या टोकाला असला पाहिजे. तो नसेल, तर ती पुन्हा शेजारच्या मुलाच्या हाती मोबाइल देईल आणि त्यात तिची काहीच चूक नसेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नैसर्गिक भाषा व औपचारिक भाषा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. भाषासाठा ही सार्वजनिक वस्तू कशी ठरते? या क्षेत्रातील बाजारयंत्रणेच्या अपयशाची कारणे सांगा.
३. मराठीतील विभक्ती व कारकार्थ यांचा संगणकीय आकलनाशी असलेला संबंध विशद करा.
४. 'शब्दांची अचूकता म्हणजे व्यवहाराची विश्वासार्हता नव्हे.' चर्चा करा.
५. आठव्या अनुसूचीबाहेरील भाषांच्या संदर्भात भाषा-तंत्रज्ञान धोरणापुढील आव्हानांचे परीक्षण करा.